जमीन वारसाने येते, बंदूक परवान्याने

घरातील कर्ता माणूस गेला, की दहावा-तेरावा उरकल्यावर पहिली आठवण होते ती सातबाऱ्याची. तलाठी भाऊसाहेबांकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, मृत्यूचा दाखला जोडला जातो, फेरफार पडतो. विहीर, मोटार, बैलजोडी, ट्रॅक्टर, सोसायटीचे कर्ज, दूध डेअरीचे येणे, या सगळ्यांचा हिशेब भाऊबंद एकत्र बसून करतात. पण माळ्यावर किंवा कपाटामागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली एक वस्तू या हिशेबात येतच नाही. ती म्हणजे गेलेल्या माणसाची परवान्याची बंदूक.

ही बंदूक कधी मुलाकडे राहते, कधी भावाकडे. आणि कधी कधी जाणाऱ्याने डोळे मिटण्यापूर्वी "ही तुला" असे म्हणून ती जिवलग मित्राला दिलेली असते. या शेवटच्या प्रकाराबद्दल आज लिहायचे आहे. कारण यात माया सर्वांत जास्त असते आणि कागद सर्वांत कमी.

शेतीच्या पानावर बंदुकीचे काय काम, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे विषय खते-बियाण्यांचा, कीड-रोगांचा, ठिबकच्या अर्जांचा. पण वाडीवस्तीवर नेहमी जाणाऱ्या माणसाला लोक सगळेच विचारतात. पीक पाहून झाले, चहा आला, की मग खरा प्रश्न निघतो. असाच निघालेला हा प्रश्न अनेक घरांच्या उपयोगाचा आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

आपल्याकडील बंदुका

नगर जिल्हा, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, हा फौजींचा जिल्हा. शहरात रणगाडा दलाचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आहे. पारनेर, श्रीगोंदा, नगर या तालुक्यांत गावोगाव पेन्शनवर आलेले जवान भेटतात. त्यांतील काहींनी पुढे बँकेत, कारखान्यावर राखणीची नोकरी धरली आणि त्यासाठी स्वतःच्या नावावर परवाना काढून हत्यार घेतले. दुसरीकडे जुन्या वाड्यांतून, मळ्यांतून पीक राखणीसाठी घेतलेल्या बंदुका आहेत.

यात ढोबळ तीन प्रकार दिसतात. एक ठासणीची बंदूक. हिच्यात तोंडाकडून दारू व छर्रे ठासतात. दुसरी बाराबोर, एकनळी किंवा दुनळी. हिला काडतूस लागते, नळी आतून गुळगुळीत असते. तिसरी रायफल. हिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ आणि लांब जाते. खाजगी माणसाकडे दिसते ती बहुधा .३१५ बोअरची. लष्करात पूर्वी वापरात असलेली .३०३ ही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. तिचा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर मिळत नाही. तेव्हा घरात काय आहे हे आधी परवान्याच्या पुस्तकात पाहावे. "आजोबांची बंदूक" एवढी ओळख पुरत नाही.

दोन मित्रांची हकिगत

पारनेर तालुक्यातील एका वाडीवरची ही गोष्ट. गाव सांगत नाही, नावेही सांगत नाही. एकाला सगळे फौजी म्हणत, दुसऱ्याला आबा. दोघे एका वयाचे. १९७२ च्या दुष्काळात दोघांनी एकाच पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, एकाच डब्यातली सुकडी खाल्ली. त्यानंतर एक जण पलटणीत गेला, दुसरा जमिनीला चिकटून राहिला. रजेवर आला की फौजी आधी आबांच्या मळ्यात जायचा, मग घरी.

पेन्शनवर आल्यावर फौजींनी .३१५ ची रायफल घेतली आणि एका साखर कारखान्यावर कॅशच्या राखणीला लागले. त्या रायफलीच्या पगारावर दोन मुली उजवल्या, मुले शिकली. पुढे नोकरी सुटली तरी परवाना त्यांनी दर वेळी मुदतीत वाढवून घेतला. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि निरोप आला, की रायफल पुसून ठाण्यात जमा करायची, मतमोजणी झाली की परत आणायची, यात एकदाही कसूर नाही.

कुकडीच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्याही आला. वीज रात्रीची. आबा दारं धरायला निघाले की फौजी रायफल घेऊन सोबतीला यायचे. बांधावर घोंगडी टाकून दोघे पहाटेपर्यंत बोलत बसायचे. आबा सांगतात, "इतक्या वर्सांत त्या रायफलीनं एक चिमणी मारली न्हाई. पर ती बांधावर असली म्हंजी मला फाळका मोडायला भ्या वाटत नव्हतं." खंडेनवमीला आबांचा नांगर, विळा, कोयता आणि फौजींची रायफल एकाच पाटावर पूजेला लागायची.

दुखण्यात फौजींनी मुलांच्या देखत आबांचा हात धरून सांगितले, "पोरं शहरात हायेत. त्यांना हिचं काय? ही तुझ्याकडं राहू दे." थोड्याच दिवसांत ते गेले. तेरावा झाला आणि वहिनींनी आबांना निरोप धाडला, "भाऊजी, तुमची ठेव तेवढी घेऊन जावा."

ठेव आणायला जाण्याच्या आदल्या दिवशी मी आबांच्या हरभऱ्यावर घाटेअळी पाहायला गेलो होतो. तेव्हा त्यांनी विचारले, "साहेब, एक इचारू का? शेतीचं न्हाई." सगळे ऐकून मी त्यांना म्हटले, "आबा, रायफलीला हात लावू नका. आधी पोलिस पाटलांना बोलवा." आबांना ते लागले. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "मरणाऱ्या माणसाचा शबूद मोठा का कागद मोठा?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की शब्द फौजींचा होता आणि परवानाही फौजींचाच होता. शब्द त्यांना देता आला. परवाना कोणालाच देता येत नाही. तो ज्याच्या नावाचा, त्याच्याबरोबरच संपतो.

मालकी वेगळी, ताबा वेगळा

आपण जमिनीच्या सवयीने विचार करतो. जमिनीत वारसाला हक्क येतो आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. वर्दीला उशीर झाला तरी जमीन कसायला कोणी अडवत नाही. बंदुकीचे तसे नाही.

बंदूक ही मालमत्ता आहे. तिची किंमत आहे, ती विकता येते, मृत्युपत्राने कोणालाही देता येते. मित्रालासुद्धा देता येते. मात्र मृत्युपत्र लेखी हवे आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. खाटेवरून बोललेला शब्द, तो चारचौघांनी ऐकलेला असला तरी, मृत्युपत्र होत नाही. हे झाले मालकीचे.

ताबा ही दुसरी गोष्ट. शस्त्र अधिनियम १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक, रायफल, पिस्तूल किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. मृत्युपत्रात तुमचे नाव स्वच्छ लिहिलेले असले, तरी तुमच्या नावाचा परवाना हातात येईपर्यंत ते हत्यार तुमच्या घरात येता कामा नये.

मग मधल्या काळात ते राहणार कुठे? याचे उत्तर कलम २१ मध्ये आहे. कोणत्याही कारणाने ताबा कायदेशीर राहिला नाही, की विनाविलंब ते हत्यार व काडतुसे जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. जमिनीला तीन महिने आहेत. इथे शब्द "विनाविलंब" असा आहे. तेराव्याची, वर्षश्राद्धाची वाट पाहण्याची सोय त्यात नाही.

जमा केले म्हणजे गेले, असा गैरसमज गावात फार आहे. जमा केलेली वस्तू गेलेल्या माणसाच्या कायदेशीर वारसाची राहते. परवाना मिळाला तर ती परत घेता येते, नाहीतर परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकता येते. मात्र ठरलेल्या मुदतीत यातले काहीच केले नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून ठाण्याची किंवा दुकानदाराची पावती सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकी जपावी आणि मुदत तिथेच विचारून तिच्यावर लिहून घ्यावी.

मुलगा असेल तर, मित्र असेल तर

घरच्या वारसाला कायद्याने थोडी वाट करून दिली आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये कायदेशीर वारसांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारक वारल्यावर वारस आपल्या नावाने परवाना मागू शकतो. त्याहून चांगली सोय म्हणजे, परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाली असतील किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षे असेल, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या एका वारसाचे नाव सुचवू शकतो. वारस एकाहून जास्त असतील तर बाकीच्यांची संमती लागते. जमिनीच्या वाटपात जशी बहिणीची सही लागते, तसेच समजा.

वारस असला तरी परवाना आपोआप मिळत नाही. वय २१ पूर्ण हवे. पोलिसांचा चौकशी अहवाल येतो. वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. आपल्या जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी साहेबांचा आहे. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागता येतात आणि ३० दिवसांच्या आत नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

मित्र मात्र या वारसाच्या व्याख्येत बसत नाही. सख्ख्या भावापेक्षा जवळचा असला तरी नाही. त्याला दोनच मार्ग आहेत.

पहिला मार्ग, मित्राकडे स्वतःचा परवाना आधीपासून असणे किंवा त्याने तो नव्याने काढणे. नवा अर्ज करताना "मित्राची आठवण" हे कारण चालत नाही. स्वतःला खरी गरज काय, ते दाखवावे लागते.

दुसरा मार्ग, देणाऱ्याने हयातीतच हत्यार रीतसर हस्तांतरित करणे. घेणाऱ्याकडे परवाना असेल, तर देणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचे. ते कळवल्यापासून ४५ दिवस जाऊ द्यायचे आणि मगच हत्यार हातात द्यायचे. भेट दिली, पैसे घेतले नाहीत, म्हणून यातून सुटका नाही.

आणखी एक मुद्दा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारसाने येणारे हत्यारही या दोनांतच मोजले जाते. म्हणजे मुलाच्या परवान्यावर आधीच दोन असतील, तर वडिलांची तिसरी त्याला ठेवता येणार नाही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. पाच वर्षांत तारीख विसरायला होते, तेव्हा ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवलेली बरी.

"आम्ही काय चोरून आणली?"

हा प्रश्न हमखास येतो. चोरीचा यात संबंधच नाही. परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगली, एवढ्यावर गुन्हा पूर्ण होतो. २०१९ नंतर या गुन्ह्याला कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. वडिलांची होती, मित्राची आठवण होती, कधी वापरली नाही, हे सांगून गुन्हा टळत नाही. एका घरातला माणूस आधीच गेलेला असतो. त्याच्या मागे दुसऱ्याच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहावी, अशी कोणत्या जाणाऱ्याची इच्छा असेल?

काही लोक घरगुती उपाय करतात. नळीत शिसे ओतायचे, चाप काढून टाकायचा आणि भिंतीला टांगायची. असे करू नका. कायद्याच्या दृष्टीने हत्याराचे सुटे भागही हत्यारातच मोडतात. अगदी जुनी, दुरुस्त करूनही कधी उडू न शकणारी वस्तू कायद्यातून वगळलेली आहे हे खरे. पण ती तशी आहे की नाही, हे आपण ओसरीवर बसून ठरवायचे नसते. ठाण्यात दाखवून लेखी घ्यावे. डब्यात राहिलेली दोन-चार काडतुसेही मोजून जमा करावीत. गंजलेली असली तरी ती चुलीजवळ किंवा पोरांच्या हाती नकोत.

मित्राच्या आठवणीखातर लग्नाच्या वरातीत किंवा दसऱ्याला हवेत बार काढणे हाही २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. कोणाला इजा झाली नाही तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मित्राची बंदूक दुरुस्तीला किंवा परवाना वाढवायला नेऊन देण्याची मदतही आपल्याकडे सहज केली जाते. ती करता येते, पण परवानाधारक सोबत हवा किंवा त्याची लेखी परवानगी खिशात हवी.

आबांनी काय केले

पोलिस पाटील आले. त्यांनी आधी ठाण्यात फोन करून कल्पना दिली. दुसऱ्या दिवशी फौजींचा थोरला मुलगा मृत्यूचा दाखला आणि परवान्याचे पुस्तक घेऊन निघाला. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, काडतुसे वेगळ्या पिशवीत मोजून घेतली. आबाही सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत क्रमांक जुळवले, पंचनामा झाला, मुलाच्या हाती पावती आली. निघताना हवालदाराने रायफलीचा चामडी पट्टा सोडला आणि आबांच्या हातात दिला. म्हणाला, "हे काय हत्यार न्हाई. न्या हे."

स्वतःच्या नावाने अर्ज करायचा का, हे आबांना मी विचारले. कागद सगळे सांगितले. आबांनी दोन दिवस विचार केला. डोळ्यांत मोतीबिंदू, वय सत्तरीपुढे, आणि बांधावर सोबतीला आता कोणी नाही. ते म्हणाले, "मला रायफल नगं हुती, साहेब. मला फौजी पायजे हुता." मुलांना त्यांनी सांगितले, की ज्याच्याकडे परवाना आहे त्याला रीतसर विका आणि पैसे वहिनीच्या नावावर ठेवा. मुलांनी ते मान्य केले. नंतरच्या खंडेनवमीला आबांच्या पाटावर नांगराशेजारी तो पट्टा होता.

कॉर्बेटची बंदूक आणि चांदीची पट्टी

बंदूक मित्राकडे जाण्याचे उदाहरण आपल्या देशात प्रसिद्ध आहे. नरभक्षक वाघांचा शिकारी जिम कॉर्बेट हा पुढे वन्यजीवांचा कैवारी झाला. उत्तराखंडातील नैनिताल जिल्ह्यात छोटी हल्द्वानी नावाचे गाव त्याने वसवले होते. रानडुकरे आणि इतर जनावरे पिकात येऊ नयेत म्हणून १९२५ च्या सुमारास गावाभोवती सुमारे सात किलोमीटर दगडी भिंत घालून घेतली. १९४७ साली भारत सोडून केनियाला जाताना त्याने आपली एक एकनळी बंदूक गावातल्या आपल्या एका सोबत्याला दिली. ती पुढे त्या सोबत्याच्या मुलाकडे आली आणि गावाला भेट देणारे लोक ती आवर्जून पाहतात.

कॉर्बेटची दुसरी रायफल याहून प्रसिद्ध. चंपावतची नरभक्षक वाघीण त्याने १९०७ साली मारली. तिने ४३६ माणसे खाल्ल्याचे सांगितले जाते. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. कॉर्बेट १९५५ साली वारला. रायफल त्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली. २०१५ साली ती बनवणाऱ्या रिग्बी कंपनीनेच परत विकत घेतली आणि २०१६ साली ती भारतात आणून लोकांना दाखवली.

शंभर वर्षे, तीन देश आणि इतके हात बदलूनही ती कोणाची, हे कोणाला विचारावे लागत नाही. कारण दस्त्यावर चांदीची पट्टी आहे आणि कोणी, कोणाला, कशासाठी दिली ते तिच्यावर कोरलेले आहे. आपल्या बंदुकीला चांदीची पट्टी लावायची गरज नाही. कागदावर चार ओळी पुरतात. पण त्या देणाऱ्याच्या हातच्या हव्यात आणि तो असतानाच लिहिलेल्या हव्यात.

पीक राखणीसाठी बंदूक हवीच असेल तर

"आठवण राहू द्या, पण रानडुकरांसाठी तरी ठेवू" असेही काही जण म्हणतात. पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्यांना पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. रायफल यात बसत नाही. म्हणजे मित्राची रायफल पीक राखणीच्या नावाने ठेवता येणार नाही.

आणि परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे पिकाची नासधूस करणारे रानडुक्करसुद्धा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बिबट्याबाबत तर निर्णय फक्त राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. नुकसान झाले तर वनखात्याकडे तातडीने अर्ज करून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाई मागावी, हाच सरळ रस्ता.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी आणि अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड या अभयारण्यांच्या आसपासच्या गावांनी जास्त काळजी घ्यावी. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नोंद करायची असते. तिथे नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते.

हयातीतच उरकून ठेवावे असे

ज्यांच्या नावावर हत्यार आहे अशा वडीलधाऱ्या मंडळींना विनंती, की पुढील कामे या हंगामातच करून टाकावीत.

एक, परवान्याचे पुस्तक काढून मुदत पाहावी आणि हत्यारावरचा क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळतो का, ते तपासावे. जुन्या पुस्तकावर राष्ट्रीय नोंदणीचा युआयएन क्रमांक आहे का, तेही पाहावे. तो नसलेला परवाना ग्राह्य धरला जात नाही.

दोन, हत्यार पुढे कोणाला द्यायचे हे घरात सर्वांसमक्ष बोलावे. मुलाला द्यायचे आणि वय सत्तर झाले असेल किंवा हत्याराला पंचवीस वर्षे झाली असतील, तर त्याचे नाव सुचवून अर्ज करावा.

तीन, मित्राला द्यायचे असेल तर आधी त्याला विचारावे. त्याला हवे आहे का, त्याला परवाना मिळेल का? मिळणार असेल तर हयातीतच ४५ दिवसांची नोटीस देऊन हस्तांतर करावे. न मिळाल्यास ते रीतसर विकून टाकावे. मित्राला ओझे देऊन जाऊ नये.

चार, कोणालाच नको असेल तर विकावे किंवा जमा करावे. यात कमीपणा काही नाही.

ग्रामपंचायत आणि पोलिस पाटील यांनाही एक सूचना. महाराष्ट्र ग्राम पोलिस अधिनियम १९६७ प्रमाणे पोलिस पाटील हा गाव आणि ठाणे यांच्यातला दुवा आहे. गावात परवाने किती आणि कोणाचे, हे त्यांना ठाऊक असतेच. मृत्यूची नोंद करायला घरचे लोक येतात, तेव्हाच "घरात परवान्याचे हत्यार आहे का?" एवढा एक प्रश्न विचारला, तर पुढचे बरेच टळेल. विचारताना धाक नको. दुःखातल्या घराला रस्ता दाखवायचा आहे. ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय घेतला तरी पुष्कळ.

शेतकरी बंधूंनो, मित्राचा शब्द राखायलाच हवा. पण तो राखायचा म्हणजे त्याच्या घरावर आणि आपल्या घरावर बालंट येऊ द्यायचे नाही. ज्याने आयुष्यभर परवान्याची तारीख चुकवली नाही, त्याच्या रायफलीला त्याच्यामागे चोरासारखे भुशात लपून राहायला लावणे, हा त्याचा मान नव्हे. तिला ठाण्याच्या पावतीवर क्रमांकासह लिहून घ्या. आठवण ठेवायला पट्टा आहे, फोटो आहे, आणि मुलानातवंडांना सांगायला बांधावरच्या रात्री आहेत. त्यांना परवाना लागत नाही.